माझ्या नाकपुड्यांत सिमेंट

मी एक जुना ज्वालामुखी आहे, मित्रांनो, आणि पुढचं काही बोलण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगतो: मी झोपलेलो नाही. तुमच्या पुस्तकात मला ‘निद्रिस्त’ म्हणतात. पायथ्याच्या पाटीवर मला ‘शांत’ करून टाकलंय. आणि माझ्या खांद्यावरच्या विश्रामगृहात उतरणारे पाहुणे तर सरळ ‘मेलेला’ म्हणतात. उचलली जीभ लावली टाळ्याला! अरे, ज्याच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या अंडी उबतात, तो मेलेला कसा? तुमच्यापैकी कोणी झोपेत एक तरी अंडं उबवून दाखवा, मग मी गप्प बसेन.

दुसरं दुखणं माझ्या उंचीचं. मी लहान आहे, मान्य. दमेकरी माणूससुद्धा वाटेत दोनदा बसून का होईना, माझ्या माथ्यावर पोचतो. म्हणून लोक मला ‘टेकडी’ म्हणतात. रस्ता खोदल्यावर कडेला मातीचा ढीग पडतो ना, त्यालाही मुलं टेकडीच म्हणतात. मी पृथ्वीच्या पोटातून आलोय, रस्ता खोदणाऱ्याच्या घमेल्यातून नाही! साप म्हणू नये धाकला, एवढं तरी ध्यानात ठेवा.

माझा जन्म सपाट रानात झाला. जमिनीला भेग पडली, तापलेले दगड आणि राख वर उडून पुन्हा तिथेच पडत राहिली, आणि त्यांचा जो ढीग झाला तो मी. त्या वेळी इथे माणसाचा मागमूस नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक माझ्याकडे बघून ‘केवढा विध्वंस केला असेल याने’ म्हणून उसासे टाकतात. विध्वंस कोणाचा? गवताचा? ते तर थोड्याच पावसाळ्यांत परत आलं आणि आधीपेक्षा दाट आलं. मग नेचे आले, बांबू आला, वेलींनी लगडलेली उंच झाडं आली. माझ्या माथ्यावरच्या वाडग्यात पाणी साठून हिरवं तळं झालं. ते पाणी माझ्या अंगातून झिरपतं आणि पायथ्याशी कोमट होऊन बाहेर पडतं. एका अंगाला केळीच्या बागा आहेत, त्या माझ्या राखेवर पोसल्यात. दुसऱ्या अंगाला काळ्या वाळूचा उतार आहे, आणि तो बाराही महिने उबदार असतो. पलीकडे भाताची पाणथळ खाचरं आणि त्यात बदकांचे थवे. हे सगळं माझ्या जिवावर चाललंय. पण माझं नाव कोण घेतो?

आता माझ्या नाकपुड्यांबद्दल. माझ्या खांद्यावर खडकात तीन भोकं आहेत. त्यांतून माझ्या पोटातली वाफ बाहेर पडते. तुम्हाला नाकपुड्या दोन असतात, मला तीन आहेत. त्यात हसण्यासारखं काही नाही. वाफेला गंधकाचा वास येतो, तोही मान्य. तुम्ही पोटात आग घेऊन इतकी वर्षं बसा, आणि मग तुमच्या श्वासाला मोगऱ्याचा वास येतो का बघू.

काळ्या वाळूच्या उतारावर एक बैठी झापाची शेड आहे. तिथे उबमावशी राहते. तिचं खरं नाव लोक विसरून गेलेत. ती अंडी उबवून देते, म्हणून उबमावशी. शेडच्या जमिनीत वाळूचे खड्डे आहेत. खड्ड्यात भाताचा कोंडा, त्यावर अंडी, त्यावर पुन्हा कोंडा आणि वरून गोणपाट. खालची ऊब माझी, राखण तिची. सकाळ, दुपार, संध्याकाळ ती प्रत्येक अंडं हाताने पालटते. अधूनमधून एखादं उचलून मिटलेल्या पापणीला लावते. पापणीला सुखावलं तर ठीक. चटका बसला तर गोणपाट काढायचं, गार लागलं तर आणखी एक घालायचं. तिची आई असंच करायची आणि आईची आईही असंच करायची. त्या तिघींच्या हातून जी बदकं निघाली, ती एका रांगेत चालवली तर रांग क्षितिजापलीकडे जाईल.

ही एकच बाई माझ्याशी नीट बोलायची. शेडमध्ये शिरताना वाळूवर तळवा ठेवायची आणि म्हणायची, “काय रे, आज अंग गार का तुझं? पावसात भिजलास वाटतं.” मला बरं वाटायचं. कोणीतरी आपली विचारपूस करावी, हे डोंगरालाही वाटतं, मित्रांनो.

मग माझ्या खांद्यावर, नाकपुड्यांच्या अगदी शेजारी, विश्रामगृह बांधलं गेलं. इतकी मोकळी जागा पडली होती, पण मालकाला तळंही दिसायला हवं होतं आणि खाचरंही दिसायला हवी होती. म्हणून त्याने थेट माझ्या नाकाशी बिऱ्हाड थाटलं. आणि थाटल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की इथे वास येतो! नाकाशेजारी राहायला यायचं आणि श्वासाची तक्रार करायची! तो हातात अत्तराचा फवारा घेऊन व्हरांड्यात फिरायचा, पाहुणा दिसला की त्याच्या डोक्यावर फुस्स करायचा. लोक त्याला फवारेमालक म्हणू लागले. तरी पाहुणे नाकाला रुमाल लावून दुसऱ्याच दिवशी गाशा गुंडाळायचे.

एके सकाळी फवारेमालकाने गवंड्याला बोलावलं. हा गवंडी म्हणजे उबमावशीचा धाकटा भाऊ. विश्रामगृहाचं बांधकाम त्यानेच केलेलं. माणूस कामाला चोख. त्याची एक खोड होती: काम पुरं झालं की ओल्या गिलाव्यावर, कुठेतरी कोपऱ्यात, तो आपला उजवा पंजा उमटवायचा. “सही करता येते मला,” तो म्हणायचा, “पण सही कोणीही खोटी करील. पंजा कोण करणार?” त्याची करंगळी टोकाला वाकडी होती, त्यामुळे त्याचा पंजा लांबूनही ओळखू यायचा.

“ही तिन्ही भोकं बुजवून टाक,” मालक म्हणाला.

गवंडी डोकं खाजवत उभा राहिला. “मालक, बुजवतो. पण आतली वाफ जाईल कुठे?”

“जाईल जिकडे जायची तिकडे! तू काय डोंगराचा वैद्य आहेस?”

मी ऐकत होतो. मला वाटलं, हा नाही म्हणेल. याची बहीण माझ्या उबेवर जगते, हा माझ्या अंगाखांद्यावर खेळून मोठा झाला, हा नाही म्हणणार नाही तर कोण म्हणणार? तर या शहाण्याच्या डोक्यात काय आलं असेल? गेले काही दिवस पावसाची झड लागली होती आणि वाळू थोडी गार पडली होती. बहीण जेवताना कुरकुरली होती, की यंदा ऊब कमी वाटते. गवंड्याला ते आठवलं. त्याने मनात हिशेब मांडला, की भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की भात लवकर होतो. इथून वाफ फुकट चाललीय. वरून झाकण घातलं, की तीच ऊब खाली ताईच्या खड्ड्यांना मिळेल. एका दगडात दोन पक्षी! बहिणीला सांगायचं नाही, एकदम ऊब वाढली की तिलाच नवल वाटेल.

प्रेमापोटी केलेला मूर्खपणा सर्वांत मजबूत असतो, कारण माणूस त्यात कसूर करत नाही. मालकाने सांगितलं होतं त्याच्या दुप्पट जाड थर त्याने घातला. आधी दगड ठोकून बसवले, मग खडी, मग सिमेंट. वर थापीने असं गुळगुळीत केलं, की पाणी टाकलं तर घसरून जावं. आणि मधल्या नाकपुडीवर आपला पंजा उमटवला. मी जिवंत, जागा, आणि माझ्या नाकावर कोणाच्या तरी कामाची सही!

मला ओरडायला तोंड नाही का? आहे. माथ्यावर आहे, हिरव्या तळ्याखाली. नाक दाबलं की तोंड उघडतं, असं तुम्ही मोठ्या ऐटीत म्हणता. माझं तोंड उघडलं असतं तर ते म्हणायला कोणी उरलं नसतं. मी ते मिटून धरलं. सगळी वाफ आतल्या आत गिळली. पण गिळलेली वाफ कुठे ठेवणार? ती फटी शोधत शोधत खाली उतरली, आणि काळ्या वाळूखाली जाऊन बसली.

तिसऱ्या सकाळी उबमावशीने नेहमीसारखा वाळूवर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला. तिने गोणपाटं ओढून फेकली, कोंडा उपसला, एक अंडं उचललं आणि पापणीला न लावताच फोडलं. आतून पांढरंशुभ्र, उकडलेलं अंडं निघालं. दुसरं तसंच. तिसऱ्यात पिल्लू होतं, जवळजवळ पुरं झालेलं, चोचीसकट. तिने ते ओंजळीत घेतलं आणि तिथेच बसली. मग पुढचं अंडं फोडलं, त्याच्या पुढचं फोडलं. एक तरी जिवंत असेल म्हणून ती सगळा खड्डा फोडत गेली.

दुपारी बदकवाला आला. खाचरांतले सगळे थवे त्याचे. त्याची बदकं म्हातारी होत चालली होती, आणि नवा थवा या अंड्यांतूनच उभा राहायचा होता. तो खड्ड्याच्या काठावर उभा राहिला.

“मावशी, तुझ्या आईपासून आमचं अंडं दुसरीकडे गेलं नाही,” तो म्हणाला. “पण आता मला थवा हवाय. आणखी एक खेप देतो. शेवटची. ती बिघडली, तर मी शहरातल्या यंत्राकडे जाणार. राग मानू नकोस.”

“राग कसला,” उबमावशी म्हणाली. “तुझं बरोबर आहे.”

तो गेला आणि मग ती माझ्याकडे वळली. मित्रांनो, हे सांगताना आजही माझ्या पोटात खदखदतं. तिने मूठभर तापलेली वाळू उचलून माझ्याच अंगावर भिरकावली. “मेल्या, दगाबाज!” ती ओरडली. “माझ्या आजीपासून तुझ्यावर भरवसा टाकला. पोटच्या पोरासारखी अंडी तुझ्या मांडीवर ठेवली. आणि तू शिजवून खाल्लीस? तुझं तोंड पुन्हा बघायची नाही मी!”

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, ते असं! ज्याने नाक बुजवायला सांगितलं, तो व्हरांड्यात सरबत पीत बसलाय. ज्याने बुजवलं, तो दुसऱ्या गावी भिंत बांधायला गेलाय. आणि शिव्या कोणाला? ज्याने प्राण कंठाशी आणून तोंड मिटून धरलं, त्याला! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी खाल्लाय. मला वाचा असती, तर मी एकच वाक्य बोललो असतो: बाई, जरा वर येऊन बघ.

शेवटची खेप आली. टोपल्यांतून आणलेली अंडी शेडच्या सर्वांत गार कोपऱ्यात ओल्या पोत्यांखाली ठेवलेली होती. पण अंडं तसं किती दिवस थांबणार? आठवडाभर फार तर, मग आतला जीव विझतो. वाळू मात्र निवायचं नाव घेत नव्हती, उलट रोज तापत होती. उबमावशीने कोंड्याचे थर वाढवून पाहिले, गार पाणी शिंपडून पाहिलं, खड्डे उथळ करून पाहिले. पापणी भाजून लाल झाली. भावजय रोज दुपारी गवंड्याच्या घरून डबा घेऊन यायची आणि तो तसाच परत न्यायची.

“वन्सं, दोन घास तरी खा,” भावजय म्हणाली. “आणि यंत्राकडे गेला बदकवाला तर जाऊ दे. आमच्याकडे राहायला या. मला दिवसभर बोलायला कोणी नसतं, तुमचा भाऊ तर भिंतींशी बोलतो.”

“मी तुझ्याकडे येऊन काय करू गं? तुझी भांडी उबवू?” उबमावशी म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसता हसता उबमावशीला रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले आणि उठली. “याला झालंय तरी काय, ते बघूनच येते. आजारी माणसाला तपासायचं तर नुसते पाय चेपून कसं कळेल?”

भरउन्हात ती माझा उतार चढली. विश्रामगृहाच्या मागे आली आणि थबकली. जिथे लहानपणी ती आणि तिचा भाऊ हात शेकायचे, जिथे तिने त्याला पहिल्यांदा रताळं भाजून दिलं होतं, तिथे सिमेंटची तीन गुळगुळीत वर्तुळं होती. आणि मधल्या वर्तुळात एक पंजा होता.

तिने आपला हात त्या पंजावर ठेवला. करंगळी वाकडी. ती करंगळी तिच्याच हातून दारात चेंगरली होती, तो रांगत होता तेव्हा, आणि रात्रभर ती त्याचं बोट फुंकत बसली होती. सिमेंट हाताला चांगलंच कढत लागत होतं. ती वाकली, कान लावला. आत मी कसा धडपडत होतो, ते तिला ऐकू गेलं.

“अरे देवा,” ती म्हणाली. “श्वास कोंडलाय याचा. आणि मी याला शिव्या घालतेय.”

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! पण ती हे मला म्हणाली नाही, आणि भावालाही म्हणाली नाही. तो संध्याकाळी त्या दुसऱ्या गावाहून काम आटोपून घरी परतला तेव्हा ती त्याच्या उंबऱ्यात बसलेली होती.

“डोंगराचं नाक तू बुजवलंस?”

गवंड्याचा चेहरा खुलला. “कळलं का तुला? मी म्हटलंच होतं, तुला नवल वाटेल! आता खड्ड्यांना ऊब वाढली की नाही, ताई?”

उबमावशीने पदरात बांधून आणलेलं एक उकडलेलं अंडं काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. “वाढली,” ती म्हणाली.

तो त्या अंड्याकडे बघत राहिला. त्याला सगळं कळायला फार वेळ लागला नाही. “पातेल्यावर झाकण ठेवलं की भात लवकर होतो, म्हणून मी…” तो पुटपुटला. भावजय म्हणाली, “पातेल्याचं झाकण! अहो, पातेलं उतू जातं हे तरी ठाऊक होतं ना तुम्हाला? आयुष्यात कधी चुलीपाशी बसला असतात तर!”  त्याने पहार घेतली, हातोडा घेतला, आणि तो त्याच पावली माझ्या खांद्यावर आला. मागोमाग दोघी जणी.

फवारेमालक धावत बाहेर आला. “ए, हात लावायचा नाही! माझे पाहुणे आत्ताच कुठे टिकायला लागलेत! एवढं चांगलं काम केलंस आणि स्वतःच फोडतोस?”

“चांगलं केलं, हाच तर घोळ झाला, मालक,” गवंडी म्हणाला. “बाजूला व्हा.”

“अरे पण डोंगराला काय फरक पडतो? दगडच तो!”

त्यावर उबमावशी अशी काही वळली, की मालक दोन पावलं मागे सरला. “दगड? तुमच्या नाकात बोळे घालून तुम्हाला असंच ठेवते. मग बघू दगड कोण ते!”

आणि खरं सांगतो मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू कोणीतरी चारचौघांत, मोठ्याने घेतली.

पहार पडू लागली. काम इतकं पक्कं होतं, की करणाऱ्यालाच घाम फुटला. आपल्याच कारागिरीला तो शिव्या घालत होता. पहिली नाकपुडी मोकळी झाली, दुसरी झाली. मधली उरली. गवंड्याने पंजाच्या कडेने पहार घातली आणि जोर दिला, तसा तो तुकडा अखंडच वर उचलला गेला. आणि मी श्वास सोडला. तो मला आवरता आला नाही. गवंड्याचा उजवा तळवा पोळला. तो ओरडला, पण हातातला तुकडा त्याने पुन्हा भोकावर पडू दिला नाही, बाजूला ढकलला आणि मगच हात धरून बसला. ज्याने माझा श्वास कोंडला त्याला मी पोळवलं, म्हणून मला आनंद झाला असेल, असं वाटतं तुम्हाला? नाही झाला. राग होता, आहे, पण तो त्या हातावर नव्हता.

आणि मालक काय करत होता? माझ्यावर अत्तर फवारत होता! डोंगरावर! मी तसल्या परिस्थितीतही खदखदलो.

वाळू लगेच निवली नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. उबमावशी दर घटकेला तळवा टेकत होती आणि ओल्या पोत्यांकडे बघत होती. मी माझ्याकडून आतली ऊब जितकी वर ओढता येईल तितकी ओढत होतो. तिसऱ्या सकाळी तिने वाळूवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग गाल टेकवला. “आता बरा आहेस ना?” ती हळूच म्हणाली. “चुकले रे मी. बोलायला नको होतं तसं.”  मी जमेल तेवढा उबदार राहिलो.

अंडी खड्ड्यांत गेली. सगळी काही वाचली नाहीत. काहींतला जीव पोत्यांखालीच विझला होता. पण एके पहाटे कोंड्याखालून टकटक सुरू झाली आणि दिवसभर थांबली नाही. बदकवाला टोपल्या घेऊन आला, एक पिल्लू उचलून त्याने कानाशी धरलं आणि म्हणाला, “मावशी, पुढची खेप कधी आणू?”

आता इथे गोष्ट गोड करून संपवायची रीत आहे. पण फवारेमालकाचा नवा फलक अजून सांगायचा राहिलाय. त्याने माझ्या नाकपुड्यांभोवती खुर्च्या मांडल्यात आणि फलक लावलाय: ‘आरोग्यदायी नैसर्गिक वाफ. आमच्या पाहुण्यांसाठीच.’ आमच्या! काल ज्या श्वासाला बोळा घातला, तोच आज पाहुण्यांना वाढतोय. आणि खाली बारीक अक्षरात अजूनही लिहिलंय: ‘शांत ज्वालामुखी’.

मित्रांनो, शेवटी हात जोडून विनंती करायची असते म्हणे. मला हात नाहीत, आणि असते तरी मी ते जोडले नसते. मी ऊब दिली, माती दिली, पाणी दिलं, आणि कोंडून घातलं तेव्हा तोंडसुद्धा उघडलं नाही. आता जोडायचेच असतील, तर तुम्ही जोडा. आणि ज्याच्या अंगावर राहता, त्याचा श्वास कुठून येतो आणि कुठून जातो, ते एकदा वर चढून बघून या. तेवढं जमत नसेल, तर निदान मला झोपलेला म्हणू नका.

पंजाचा तो तुकडा उबमावशीने शेडच्या दारात आणून ठेवलाय. ती त्याच्यावर पाय देत नाही, ओलांडून जाते. गवंड्याचा हात बरा व्हायला वेळ लागला. थापी धरवत नव्हती, म्हणून तो बहिणीकडे डाव्या हाताने अंडी पालटायला येऊन बसायचा. हात बरा झाला, तरी येतो. कोणी नवखा माणूस येतो, तुकड्याकडे बघतो आणि विचारतो, “हा कोणाचा हात?”

“माझ्या भावाचा,” उबमावशी म्हणते. “फार मायेने ठेवला होता त्याने. डोंगराच्या नाकावर.”

आणि भाऊ मान खाली घालून पुढचं अंडं पालटतो.